दोघांची हवा

"साहेब, हा टायर आहे का टेबल? यावर कप ठेवला तर चहा हलायचासुद्धा नाही."

टायरवाला वस्ताद क्रूझर मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. टायरच्या दोन्ही कडा धडधाकट होत्या, नक्षी शाबूत. मधला पट्टा मात्र पार गोटा झालेला. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि चक् चक् केलं.

समोर काटेसाहेब उभे होते, हेल्मेट पोटाशी धरून. काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक होते. बाजारात जायचं, दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटा निघाला की जप्त. ते कोपऱ्यावर दिसले की दुकानादुकानांतून कुजबुज व्हायची, आले आले, काटेसाहेब आले. नोकरी सुटली, नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या मागे हाताची घडी घालून लेक उभी होती. ती दोन दिवसांसाठी आली होती आणि दारातच तिने बाबांचा सोललेला कोपर बघितला. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, ओल्या रस्त्यात, मागचं चाक सटकलं होतं. "काही नाही गं, जरासं खरचटलं," ते म्हणाले. तिने ऐकून घेतलं नाही. टायर बदला नाहीतर गाडी विका.

"शेजाऱ्यांचा फोन एकदा आलाय मला," ती म्हणाली होती. "परत नकोय."

 सकाळी उठून साहेबांनी मुकाट्याने गाडी काढली. ती रिक्षाने मागोमाग आली.

"चार वर्षं झाली ना हा टायर टाकून?" वस्ताद गुडघ्यावर हात देत उठला. "माझ्या लक्षात आहे. वहिनींनी अख्खं दुकान खाली काढायला लावलं होतं. कापडाच्या दुकानात बसतात तशा बसल्या होत्या. हा दाखवा, तो दाखवा. पांढऱ्या पट्ट्याचाच पाहिजे, म्हणे गाडीला काठ नको का?" तो खदाखदा हसला. "आज नाही आल्या?"

लेकीने बाबांकडे बघितलं.

"घरी आहे," काटेसाहेब म्हणाले. मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, "गुडघे धरलेत तिचे. जिने होत नाहीत."

"होतं हो वयाप्रमाणे. नमस्कार सांगा."

"सांगतो."

लेकीची हाताची घडी सुटली. आई सव्वा वर्षापूर्वी गेली होती. दुपारी भाजी निवडताना, खुर्चीत बसल्या बसल्या. फोन शेजाऱ्यांचा आला होता. सगळं करणारी लेकच होती. कागद, दाखला, नातेवाइकांना फोन. बाबा तेव्हा रडले नव्हते, आणि कोणी विचारलं तर मान हलवायचे फक्त. "गेली" हा शब्द त्यांच्या तोंडून तिने आजपर्यंत ऐकला नव्हता. तिला वाटायचं, माणूस कमी बोलतो, स्वभाव आहे. पण असं सरळ घरी बसवून ठेवलंय आईला, हे तिला नवीन होतं.

वस्तादाने फळीवरून दोन टायर उतरवले आणि भिंतीला टेकवले.

"माझे दोनच प्रश्न. कुठे फिरता, आणि किती जण?"

"गावातच. रविवारी धरणापर्यंत."

"आणि मागे वहिनी असतात."

काटेसाहेबांनी हेल्मेटची पट्टी उगाच ओढून बघितली.

"बघा, हा मऊ," वस्ताद एका टायरवर बोट रोवत म्हणाला. "रस्ता धरून चालतो, ओल्यात एक नंबर. पण एकट्यादुकट्याचं काम. रोज मागे माणूस आणि सामान लादलं की लवकर उतरतो. हा दुसरा जाड. दोघांचा बोजा आरामात घेतो, कुरकुर नाही. पण एकट्याने घालू नये. वरून वजनच नाही तर हा रस्त्याला बसणार कसा? ओल्यात दगड होतो दगड. आत्ता जसे पडलात ना, तसे परत पडाल."

"बाबा," लेक म्हणाली.

"दोघं असतो आम्ही," काटेसाहेब तिच्याकडे न बघता म्हणाले. "जाडच द्या."

लेक वळली आणि फुटपाथवर जाऊन उभी राहिली. फोन कानाला लावला, पण बोलत काहीच नव्हती.

वस्तादाने गाडी स्टँडवर उचलून चाक सोडवायला घेतलं. काटेसाहेब बघत राहिले. दर रविवारी सकाळी हवा भरायची हा त्यांचा नेम होता. एकट्याला तीस, दोघांना छत्तीस, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं. त्यावर ती म्हणायची, "आपला छत्तीसचा आकडा त्या कंपनीला बरा कळला!" दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी ती स्वतःच हसायची. ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यांनी सवयीने छत्तीस भरली. दुसऱ्या रविवारी हात थांबला. वॉल्व्हची पिन दाबायची, सहा आकडे खाली आणायचे, बास. एवढंच काम होतं. पिनेवर नख ठेवून ते बराच वेळ बसले आणि मग टोपण लावून टाकलं.

त्यानंतर विचारच नाही केला. छत्तीस म्हणजे छत्तीस.

"एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये," वस्ताद जुना टायर हातात फिरवत म्हणाला. चाक निघालं होतं. "मधोमध घासला म्हणजे हवा जास्त. किती ठेवता?"

"छत्तीस."

"दोघांना छत्तीस बरोबर आहे. मग असा घासायला नको."

"असेल काहीतरी."

"असेल कसं? टायर खोटं बोलत नाही साहेब. हवा कशाने मोजता?"

काटेसाहेबांनी खिशातून गेज काढून दिलं. पितळी, जुनं, काचेवर एक बारीक ओरखडा. वस्तादाने ते उजेडात धरलं आणि ओठ मुडपले.

"बघा. हेच खातंय तुमचा टायर. हे बिघडलंय. छत्तीस दाखवतंय आणि भरतंय बेचाळीस. तुमच्यासारख्या माणसाने असलं गेज वापरावं? लोकांचे काटे जप्त करत होतात तुम्ही!" तो हसला आणि गेज भंगाराच्या डब्याकडे घेऊन गेला. "टाकतो हे. माझ्याकडचं नवीन न्या—"

"थांब."

आवाज इतका मोठा आला की फुटपाथवरची लेकसुद्धा वळली. काटेसाहेब दोन पावलांत वस्तादापाशी पोचले आणि त्याचं मनगट धरलं.

"ते बरोबर आहे."

"अहो, पण—"

"दर सहा महिन्यांनी तपासतो मी ते. एका आकड्याचा फरक नाही त्यात."

"मग टायर का घासला असा?" वस्तादालाही आता चेव आला. "गेज बरोबर, हवा बरोबर, माणसं दोन. मग?"

काटेसाहेबांनी त्याचं मनगट सोडलं नाही. तीस वर्षांत त्यांनी किती दुकानदारांना हेच ऐकवलं होतं, काट्याला दोष देऊ नका, पारड्यात काय आहे ते बघा. तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं.

"माणसं दोन नाहीत," ते म्हणाले. "एकच आहे. ती गेली."

वस्तादाने हातातलं गेज भंगाराच्या डब्यापासून मागे घेतलं.

"सव्वा वर्ष झालं. मी छत्तीसच भरत होतो."

दुकानात कॉम्प्रेसर चालू होता, तो तेवढ्यात आपोआप बंद पडला, आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. रस्त्यावरचे हॉर्न, कुठेतरी शटर ओढल्याचा आवाज. वस्तादाने गेज काटेसाहेबांच्या हातात ठेवलं आणि त्यांची मूठ बंद केली.

"कळवायचं होतं साहेब. मी आलो असतो."

"कुणालाच नाही कळवलं. सगळं हिनेच केलं." त्यांनी दाराकडे बोट केलं. लेक दारात उभी होती, फोन खाली लोंबत होता. तिने चेहरा फिरवला, नाक पुसलं, आणि उगाचच भिंतीवरची टायरची जाहिरात वाचायला लागली.

 वस्तादाने जाड टायर उचलून फळीवर ठेवला आणि मऊ टायर रिमवर चढवायला घेतला. पुढचाही त्याच जोडीचा चढवला. चाकं बसवली, आस आवळली. काम करताना तो एरवी शीळ घालायचा. आज घातली नाही. शेवटी हवेची नळी हातात घेऊन त्याने नुसतं वर बघितलं.

"तीस," काटेसाहेब म्हणाले.

गाडी स्टँडवरून खाली आली. वस्ताद लेकीकडे वळून म्हणाला, "ताई, नवा टायर मेणचट असतो. शंभर किलोमीटर जपून चालवायला सांगा. वळणावर आडवी घालायची नाही."

"सांगते," ती म्हणाली. मग बाबांजवळ गेली, मागच्या सीटवर हात ठेवला. "मी बसू मागे? घरापर्यंत?"

काटेसाहेब हेल्मेट घालत होते. हात मध्येच थांबले.

"नको गं," ते म्हणाले. "हवा एकट्याची भरलीये. तू रिक्षाने ये."

"बरं."

"नाराज नको होऊस."

"नाही हो बाबा."

क्रूझर धडधडत रस्त्याला लागली. सीट मागे मोकळी होती आणि गाडी हलकी वाटत होती, जरा जास्तच हलकी. पाण्याच्या टाकीचं वळण आलं तसा त्यांनी वेग कमी केला. आरशात लेकीची रिक्षा दिसत होती. रिक्षावाल्याला घाई असावी, दर थोड्या वेळाने तो पुढे जायला बाजूने रिक्षाचं नाक काढत होता. आणि दर वेळी लेक पुढे वाकून त्याच्या खांद्याला हात लावत होती. मागेच राहा म्हणून.