बाबांच्या गाडीचा कॅमशाफ्ट

थोरल्याने इंजिनातून जुना, झिजलेला कॅमशाफ्ट अलगद ओढून काढला, फडक्यावर ठेवला आणि धाकट्या भावाकडे न बघताच म्हणाला,

"रेसचा हवाय म्हणे साहेबांना! गाडी नेणार कुठे? भाजी आणायला?"

धाकटा टायरवर बसला होता. बँकेतला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. पंक्चर झालं तरी दादाला फोन. असल्या माणसाने कॅमशाफ्ट निवडायचा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बाबांच्या वेळी वाजायची तशी वाजली पाहिजे, एवढंच. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची ना, तशी."

"थरथरायची?" थोरला फिस्सकन हसला. "ऐक, शहाण्या. या दांड्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. ते जास्त उंच असले की गाडी मोकळ्या रस्त्यावर सुसाट, आणि गर्दीत उचक्या देत बंद पडणार. बाबांनी उभ्या जन्मात पन्नासच्या वर काटा नेला नाही. त्यांच्या गाडीला हे थेर?"

बाबांच्या साधेपणाचा त्याला भारी अभिमान. तो वेगळा राहायला लागल्यापासून त्या गाडीत बसला नव्हता, आणि बाबांनी तिच्या इंजिनाला त्याला कधी हातही लावू दिला नव्हता. "दिवसभर लोकांच्या गाड्या उपसतोस, इथे आलास की आराम कर," म्हणायचे. बापाची माया, दुसरं काय! तो गॅरेजात सगळ्यांना हे सांगायचा.

त्याने उंचवट्याला मायक्रोमीटर लावला.

"हे बघ, कंपनीचं साधं माप..."

आणि थांबला. उंचवटा पुसून पुन्हा मोजला. मग दुसरा, तिसरा. झिजलेला उंचवटा बुटका होतो. हे तर झिजूनही कंपनीच्या मापापेक्षा चांगलेच उंच होते. रेसचाच माल.

"तुला माहीत होतं?"

धाकट्याने मान डोलावली.

"बसवून घ्यायला मीच गेलो होतो त्यांच्याबरोबर. रविवारी सकाळी हायवेवर न्यायचे. काय ओरडायचे रे दादा, पोरासारखे!"

"मग मला का नाही सांगितलं?"

धाकटा शर्टाची बाही नीट करत राहिला.

"म्हणाले, त्याला सांगू नकोस. तो हसेल."

थोरल्याने मायक्रोमीटर पुसला. स्वच्छ होता, तरी पुसत राहिला.

"असाच मागवतो," तो म्हणाला.

आणि थोड्या वेळाने, कोणी काही विचारलं नसताना,

"हसलोच असतो मी."