अमल नझीर

फोचा गावातला उस्ताद नझीर तलवारींच्या पात्यांवर चांदीच्या तारेने अक्षरं ठोकायचा. बायको वारली होती. मुलगा वेसिल, तोच त्याचा शागीर्द, भांडून निघून गेला होता. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," हे बापाचं बोलणं त्याने फारच मनावर घेतलं. उरलेसुरले शेजारी म्हाताऱ्याच्या तिरसटपणाला भिऊन वाट वाकडी करून जात.

पण फोचाच्या कारागिरांची एक रीत आहे. उस्ताद जिवंत असेतो शागीर्द कुठेही असो, पात्यावर 'अमल', म्हणजे 'हातचं काम', असं लिहून पुढे उस्तादाचंच नाव घालतो. स्वतःचं नाव उस्ताद मातीआड गेल्यावर. म्हणून वाटसरू दिसला की नझीर त्याचं पातं बघायला मागे. कधीतरी एखाद्यावर 'अमल नझीर' सापडे, आणि 'अमल'च्या शेवटच्या अक्षराची शेपटी कोंबड्यासारखी वर वळलेली असे. त्या शेपटीपायी वेसिलने किती टपल्या खाल्ल्या होत्या! पोरगा आहे, एवढं कळलं की म्हाताऱ्याचे पुढचे महिने निघत.

एके दिवशी फौजेतून सुटलेला झाईम दुकानात आला.

"उस्ताद, या पात्याची चांदी सुटलीय. बसवून द्या."

शेपटी वर वळलेली होती. पुढे नाव होतं वेसिल.

"कुठे घेतलंस हे?"

"सालोनिकच्या बंदरात. भला माणूस. फोचात पटकी आली होती ना, त्यात त्याचे उस्ताद गेल्याची खबर आली. रडत रडत त्यांच्या नावाने हलवा वाटत होता, मलाही दिला. स्वतःचं नाव घातलेलं पहिलंच पातं हे."

पटकीत गेला होता तो दुसरा नझीर, खोगीरवाला.

"आता असतो कुठे?"

"दुकान विकून मिसर देशाच्या जहाजात चढला. म्हणाला, आता मागे वळून बघायला आहे कोण?"

नझीरने त्या शेपटीवरून अंगठा फिरवला. "तूप होतं का हलव्यात?" त्याने विचारलं.

"भरपूर."

मुलाच्या नावातली चांदी त्याने हलक्या हाताने बसवली. मग पातं उलटलं आणि दुसऱ्या बाजूला 'अमल नझीर' ठोकून खाली चालू साल घातलं.

"हे कशाला? मी कुठे सांगितलं होतं?"

"असू दे. पातं एकाच कमरेला थोडंच राहतं? फिरत फिरत जाईल कुठेतरी."

"बरं, काय द्यायचं?"

"माझ्या नावाचा हलवा खाल्लास ना, पोरा. फिटलं."

झाईमचा कमरेच्या थैलीकडे गेलेला हात तिथेच थांबला. त्याने वाकून म्हाताऱ्याचा हात कपाळाला लावला आणि पातं म्यानात घातलं. नझीर दारात उभा राहून बघत होता. झाईमचं गाव वर डोंगरात होतं, आणि मिसरची वाट उलट्या दिशेला.