रंगूबाईंचं कोपर

“मावशे, पानी किती टाकू?” मंजुषाने परातीवर तांब्या धरून विचारलं.

“लागन तितकं.”

“म्हन्जे किती?”

“थे कनिक सांगते ना वं!”

कणीक मंजुषाला काही सांगायला तयार नव्हती. आसेगावच्या त्या बचत गटात मांडे करावेत ते रंगूबाईंनीच. पोळपाट नाही, लाटणं नाही. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत वाढवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचा. या मांड्यांमुळे गटाचं नाव पार मंगरूळपीरपर्यंत झालं होतं, आणि नेमका या उन्हाळ्यात रंगूबाईंचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, मांडे बंद.

दुखण्याचं रंगूबाईंना एवढं काही नव्हतं. हाताबरोबर मांडेही गेले, ही भीती त्यांना खात होती. त्यात मंगरूळपीरच्या अजितकुमार शेठजींना त्या शब्द देऊन बसलेल्या. शेठजींच्या नातीच्या लग्नात आमरस आणि मांडे. पंगत जैनांची, दिवस मावळायच्या आत उठणारी. तिथे ‘थोडं थांबा’ म्हणायची सोय नाही.

मंजुषा गटाची सचिव. तिने पिठापाण्याचं माप ठरवलं, बाकीच्या बायकांना शिकायला मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. मांडे फाटले ते फाटलेच. पण ही पोरगी हार मानणाऱ्यातली नव्हती. तिने फर्मान काढलं, “आता जिचा मांडा फाटन, तिनं मोठ्यानं सांगायचं काय झालं थे. लपवाछपवी बंद!”

मग काय, गटाच्या शेडमध्ये नुसता गलका. “माह्यी तर तुटूनच राह्यली!” “मी घाई केली वं!” आणि गंमत अशी, की पाणी किती याचं उत्तर न सापडणाऱ्या रंगूबाईंना चूक दिसली की उत्तर आपोआप सुचायचं. खुर्चीतून त्या ओरडायच्या, “अवं, कोरडी हाय थे! वासराचं नाक कसं लागते हाताले? तसं लागलं पायजे.”

मंजुषाने लगेच मापाखाली लिहिलं: वासराचं नाक. त्या दिवसापासून कणीक जमली.

तरी मांडे फाटतच होते. एकदा फाटक्या मांड्यांकडे बघता बघता मंजुषा म्हणाली, “मावशे, सगळ्याइचे उजवीकडंच फाटून राह्यले. काहून?”

रंगूबाईंनी मान वर केली. चार बायका, आणि चौघींचं उजवं कोपर पोटाशी घट्ट दाबलेलं.

“कोपर काहून दाबून धरलं वं तुमी?”

“तुमी धरता म्हनून!”

रंगूबाई बघतच राहिल्या. जन्मभर त्यांची नजर खापरावर. आपण कशा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग त्यांना असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं. “बयांनो, मी लहानपनी बैलगाडीवरून पडली, तवाचं माहं कोपर सरळ होत नाही. खोट माह्या हाडात हाय, मांड्यात नाही. सोडा हात मोकळे!”

हात मोकळे सुटले आणि मांडे असे रुंद व्हायला लागले, की रंगूबाईंनाही तसे कधी जमले नसतील. हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. इतकं मोठं मन फार थोड्यांना असतं.

लग्नाच्या दिवशी मंगरूळपीरला चार चुली पेटल्या. ऊन अजून भिंतींवर असतानाच शेवटची पंगत बसली. शेठजी मांड्याची घडी हातात घेऊन आले. “रंगूबाई, यंदा तुमचा हात नाही म्हने?”

रंगूबाई शेवटच्या चुलीकडे बघत होत्या. तिथे त्या चौघींतली राखी उभी होती. वर्षानुवर्षं रंगूबाईंचा जाळ तिनेच सांभाळलेला. ‘मले असंच येते, मावशी,’ म्हणून तिने कोपर काही सोडलं नव्हतं. पोटाशी दाबलेला उजवा हात, डाव्या पायावर जरासं वळणं, आणि मांडा सोडताना उजवीकडून बोटं तेवढी अलगद उचलणं, सगळं रंगूबाईंचंच. मांडा अखंड खापरावर बसला.

रंगूबाईंनी डाव्या हाताने पदर ओढून आपलं उजवं कोपर झाकलं.

“राखे,” त्यांनी हाक मारली, “घरी गेल्यावर कोपराले तेल लाव वं. दुखते थे.”