तीन नंबरच्या टेबलावरची बाई

चिमणी हे तिचं खरं नाव नव्हे. उंची बेताची, ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायला पायाखाली स्टूल लागायचं, म्हणून पडलेलं. मेंदू आणि मणक्याची सर्जरी शिकण्याचं तिचं हे तिसरं वर्ष. गेल्या आठवड्यात पेशंटच्या मणक्यात स्क्रू बसवताना ती अडखळली आणि सरांनी हत्यार स्वतःकडे घेतलं. नंतर एवढंच म्हणाले, "पंधरा दिवस डिसेक्शन हॉलमध्ये सराव करा." तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना मध्येच उठायची. आईनं काही विचारलं की नुसतं 'हं' म्हणून दुसऱ्या खोलीत जायची.

हॉलमध्ये देहदानातून आलेले चार देह होते. तिच्या वाट्याला तीन नंबरचं टेबल आलं. पालथी ठेवलेली एक म्हातारी बाई. चिमणीनं कमरेवर छेद घेतला, स्नायू बाजूला सारले आणि थबकली. मणक्यात आधीच चार स्क्रू होते. त्यातला डावीकडचा खालचा स्क्रू हाड सोडून आत घुसलेला. थोडं हाड कोरून पाहिलं, तर त्याच्याखाली पायाकडे जाणारी नस दबून पार चपटी झालेली.

"मामा, यांची काही माहिती आहे?"

हॉल सांभाळणारे मामा फाइल घेऊन आले. "नाव सांगता येत नाही. पण देहदानाच्या फॉर्मवर त्यांनीच लिहिलंय बघा. 'डावा पाय अकरा वर्षं जळतोय. का ते बघा.' ऑपरेशन आपल्याकडेच झालेलं."

अकरा वर्षांपूर्वी इथे ही ऑपरेशनं एकटे सरच करायचे.

चिमणीनं हातमोजे काढले, परत चढवले. खिडकीपर्यंत गेली, परत आली. आधीच सरांच्या मनातून उतरलेय, त्यात हे कुठे काढायचं? टाके घालून मोकळं व्हावं. पण ती ओळ काही डोक्यातून जाईना.

सर आले तशी ती म्हणाली, "सर, जरा हे बघता का?"

सरांनी भिंग लावून पाहिलं. मग फाइल मागवून वाचली.

"माझंच काम आहे," ते म्हणाले. "तेव्हा नुसता एक्स-रे काढायचो. चार वेळा आली होती ही बाई. एक्स-रे छान आहे, वयोमानानं होतं, असं सांगून मी परत पाठवली. पाचव्यांदा आली नाही, तेव्हा वाटलं, बरी झाली."

त्यांनी बाकीच्या टेबलांवरच्या सगळ्यांना बोलावून तो स्क्रू दाखवला. मग मामांना बाईंच्या मुलीला फोन लावायला सांगितलं.

मुलगी तिसऱ्या दिवशी आली. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. मांडीवरची पर्स घट्ट धरून ती ऐकत राहिली.

"म्हणजे आई खरं बोलत होती," ती म्हणाली. "आम्ही तिला नाटकी म्हणायचो. तोंडावर."

"मला माफ करा."

"ते राहू द्या. हे कागदावर लिहून द्या. भावाला दाखवायचंय."

सरांनी लिहून सही केली. कागद घेऊन ती निघून गेली.

चिमणीला हलकं वगैरे वाटलं नाही. ती तडक वॉर्डात गेली. नऊ नंबरच्या पेशंटच्या हाताला दोन दिवस मुंग्या येत होत्या आणि चिमणीनं केसपेपरवर 'विशेष नाही' लिहिलं होतं. तिनं खुर्ची ओढली.

"काका, मुंग्यांचं परत सांगा. सगळं."

काका उशीला टेकून नीट बसले आणि शिडीवरून पडल्याच्या दिवसापासून सांगायला लागले.