कानगोष्ट

आईनं पाण्याचा फवारा मारला तशी धाकटीनं मान खांद्यात ओढून घेतली आणि खुर्चीतल्या खुर्चीत उकिडवी झाली.

"नीट बस. झिपरी वाकडी होईल."

"वाकडी झाली तर उद्या शाळेला दांडी?"

"नाही. वाकडी झिपरी घेऊन जायचं."

धाकटीनं नाइलाजानं पाय खाली सोडले. तिला घरात शेपूट म्हणत, कारण मोठी बहीण जाईल तिथं ही मागं. गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून बसलेली शेपूट आत्ता नुसतं एक डोकं दिसत होती. आईनं कंगव्यानं भांग पाडला, दोन बोटांत बट धरली आणि कात्री चालवली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी केस कापायचे, हा घरचा शिरस्ता. आठवडाभर आई पार्लरमध्ये जगाच्या पोरांची डोकी शाळेसाठी भादरत असायची आणि घरच्या दोघींचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा. फुकटची गिऱ्हाइकं, आणि तक्रारी मात्र यांच्याच जास्त. तिकडं जमिनीवर बाबा पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला खाकी कागदाचा एक कोपरा धड दुमडता येत नसे. तरी दरवर्षी ते बाह्या सरसावून सांगत, "बघाच, तासाभरात उडवतो." दरवर्षी सेलोटेपचं टोक हरवे, आणि ते शोधण्यात तास जाई.

"अहो, कोपराला चिकटलंय," आई म्हणाली.

"माहितीये. तिथंच ठेवलंय मी ते."

कपाळावरची शेवटची बट कापून झाली. आता खरी गंमत. आईनं शेपटीचा कान हळूच दुमडला आणि त्यात एक थाप सोडली. नव्या वर्षाची थाप. शाळेतल्या कुणाबद्दल तरी, आणि शक्य तितकी अचाट. ती दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत कुणाला सांगायची नाही, एवढाच नियम. या वर्षी शेपटीच्या नव्या बाई टेबलाखाली बेडूक पाळत होत्या. शेपूट चादरीसकट खुर्चीतून घरंगळली आणि हसत राहिली.

"चला, महाराणी," आईनं हाक मारली.

महाराणी खिडकीशी पाठमोरी बसून बूट पुसत होती. तिनं वळून पाहिलं नाही. आईनं पुन्हा हाक मारली. मग बाबांनी.

"महाराणींच्या कानावर काही घालायचं तर आधी अर्ज करावा लागतो," बाबा म्हणाले. हा विनोदही दरवर्षीचाच, किंबहुना रोजचाच. शेपूट उठली, बहिणीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि खुर्चीकडं बोट केलं. महाराणी लगेच आली.

तिचे केस दाट. आईनं ते चिमटे लावून वर बांधले आणि खालून एकेक थर सोडत कापायला घेतले. एरवी ती डावीकडून सुरुवात करून उजवीकडं संपवायची. आज उजव्या बाजूला बाबांनी रंगवलेलं कपाट वाळत पडलं होतं. तिथं उभं राहिलं तर ओला रंग पदराला लागायचा. म्हणून ती बाजू तिनं अंग चोरून आधीच उरकली आणि शेवट डावीकडं केला. मानेवरचे केस झटकले. डावा कान दुमडला. त्याला अगदी ओठ टेकवून ती म्हणाली,

"तुमच्या वर्गात एक घोडा येणारे. गणितात पहिला आहे म्हणे."

महाराणी समोर बघत राहिली.

आईला वाटलं, मोठी झाली. आता असल्या थापांना हसायचं नाही असं ठरवलं असेल पोरीनं. तिला जरा वाईट वाटलं आणि जरा हसूही आलं. ती चादरीची गाठ सोडायला लागली.

"आई, सांग ना."

"काय?"

"थाप. तिला सांगितलीस. मला नाहीच सांगितली."

आईचा हात गाठीवरच राहिला. पोरगी चेष्टा करत असणार. पण तिचा चेहरा चेष्टेचा नव्हता. वाट बघणारा होता, थोडा रुसलेला. आई पुन्हा वाकली. तोच कान. तेच वाक्य. या वेळी जरा मोठ्यानं. इतकं, की जमिनीवर बसलेले बाबा हसले.

महाराणीनं बाबांकडं पाहिलं. "काय झालं?"

आईनं कात्री उचलली आणि त्या कानाशी नेऊन कचकच वाजवली. मग कंगवा खुर्चीच्या दांडीवर आपटला. महाराणी शांत बसून होती. पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचे केस गोळा करत होती.

"उजव्या कानावर हात ठेव. घट्ट दाब," आई म्हणाली. आपला आवाज तिला कुणा दुसऱ्याचा वाटला.

महाराणीनं हात ठेवला आणि झटकन आईच्या तोंडाकडं वळली.

"वळायचं नाही. समोर बघ." आई तिच्या मागं गेली. "बाळा, मी काय म्हणतेय?"

उत्तर आलं नाही. बाबा उठून उभे राहिले होते. त्यांच्या कोपराला अजून सेलोटेप लोंबत होती.

आईनं पुढं येऊन तिचा हात कानावरून काढला. "ऐकू आलं नाही?"

"हा कान बंद केल्यावर कसं येईल?" महाराणीला प्रश्नच विचित्र वाटला. "कुणालाच येत नाही."

"आणि दुसरा?"

"दुसरा काय?"

"दुसरा कान कशाला असतो मग?"

तिनं क्षणभर विचार केला. बाबांकडं पाहिलं. "चष्मा अडकवायला."

कुणीच हसलं नाही, हे पाहून ती बावरली. आपलं काही चुकलं का, असं तिनं एकेकाच्या चेहऱ्यावर बघून घेतलं.

"तिचा तो कान झोपलेला असतो," शेपूट म्हणाली. ती घोड्याला हसून मोकळी झाली होती आणि आता बूट घालून बघत होती. "म्हणून तर मी नेहमी या बाजूनं चालते."

आई मटकन खाली बसली, कापलेल्या केसांतच. "तुला माहीत होतं?"

"तुला नव्हतं?" शेपूट म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेपटीला बाबांनी शाळेत नेलं. दारातून बाहेर पडताना तिनं भोकाड पसरलं होतं. "मग तिला हाका कोण मारणार?" हे एकच वाक्य. महाराणी आईबरोबर कानाच्या दवाखान्यात आली. नवा गणवेश, पाठीला दप्तर. तपासून झालं की सरळ शाळेत जायचं असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

रस्त्यानं आई तिच्या उजवीकडून चालत होती. तिला ते पावलोपावली आठवून करावं लागत होतं.

"वर्गात कुठं बसतेस तू?"

"शेवटी. भिंतीजवळ. तिथून सगळे एकाच बाजूला येतात ना."

गेल्या वर्षीच्या बाई म्हणाल्या होत्या, हुशार आहे, पण मागं जाऊन बसते, लक्ष कुठं असतं कुणास ठाऊक. आईनं त्या दिवशी घरी येऊन तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं. की नव्हतं, कोण जाणे.

दवाखान्यात तपासणाऱ्या बाई मृदू बोलणाऱ्या होत्या. लहानपणी गालगुंड झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. झालं होतं. सुजलेल्या गालांचा फोटोसुद्धा काढला होता, आणि आल्यागेल्याला दाखवला होता. कधीकधी त्यातच एक कान जातो, बाई म्हणाल्या, आणि मुलं सांगत नाहीत, कारण त्यांना कळतच नाही. आईनं मान हलवली. तिला एवढंच ऐकू आलं की कान जातो. कुणीतरी बाहेर जावं तसा.

मग त्यांनी महाराणीला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा जरी आवाज आला तरी दाबायचं. बाहेर बाईंच्या यंत्रावर दिवा लागायचा. उजव्या कानाला तो झटपट लागत गेला. महाराणीनं काचेतून आईकडं पाहून भुवया उडवल्या. सोप्पं आहे!

"आता डावा," बाई म्हणाल्या. "उजव्यात नुसती सरसर सोडलीय, म्हणजे तो मदतीला येणार नाही."

त्यांनी कळ दाबली. दिवा लागला नाही. आवाज वाढवून पुन्हा दाबली. आई बाईंच्या बोटाकडं बघत होती आणि मग काचेकडं. महाराणी ताठ बसली होती, अंगठा बटणावर तयार. डोळे आईवर.

पुढच्या वेळी दिवा लागला.

आईनं रोखून धरलेला श्वास सोडला. पुन्हा दिवा लागला. आणि पुन्हा. आईनं पदर तोंडाला लावला. येतंय, थोडं तरी येतंय. काचेपलीकडं महाराणीही हसली.

बाईंनी यंत्राची एक कळ बंद केली आणि आईकडं न बघता थांबून राहिल्या. तरीही दिवा लागला.

"ताई," त्या हलकेच म्हणाल्या, "आत्ता मी आवाज सोडलाच नव्हता. ती तुमच्या चेहऱ्याकडं बघून बटण दाबतेय."

आईनं काचेकडं पाहिलं. महाराणी आतून तिच्याकडं बघत होती, डोळ्यांची पापणी न लवता. पुढचं बरोबर यायला हवं म्हणून.

आईनं आपली खुर्ची उचलली, फिरवली, आणि तिच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसली.

"घ्या," ती म्हणाली.

मागं बाईंच्या कळा एकामागून एक वाजत राहिल्या. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर दिव्याचा उजेड पडतो का, ते ती बघत राहिली.