सत्तावीस अंशांचं कपाट

देवाने हत्ती-घोडे घडवले खरे, पण कारागिरी दाखवली ती स्वल्पविरामाएवढ्या एका कृमीत. अंग काचेसारखं, पोटात काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकातून आरपार दिसावं. एकच जीव तरुणपणी आधी शुक्राणू करून ठेवतो, मग अंडी करायला घेतो आणि घरच्या घरी तीनशे पिल्लं! नर हजारात एखादा. स्थळं बघणं नको, सासू नको. माणसांना मूल का होत नाही हे कळावं म्हणून मोठमोठे विद्वान याच जिवाच्या दारात बसतात. प्रयोगशाळेत या कृमींना सगळे अळ्याच म्हणत.

या अळ्यांच्या स्वयंपाकीणबाई म्हणजे मावशी. जेली शिजवायची, चिमुकल्या बशांत ओतायची, थिजली की वर जंतूंचा थेंब सोडायचा. अळ्या ते जंतू खात. एकोणीस वर्षं हेच काम, आणि भावाच्या घरात मावशींना स्वतःची खोली होती ती या कामाच्या जोरावर.

त्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांच्या कपाटातल्या, वीस अंशांवर गार ठेवायच्या अळ्यांना पिल्लं होईनात. अंडी पडत, पण पोकळ.

"मावशी, तुमच्या जेलीत खोट आहे," सर म्हणाले. "अंडं म्हणजे आईच्या खाण्यापिण्याचा आरसा."

"सर, शुक्राणूंचं काही बिघडलं असेल तर?"

"तुम्ही बशा ओता."

सव्वीस वर्षं सरांनी अंड्यांच्या दोषांवर लिहिलं होतं. शुक्राणूंवर एक ओळ नाही. शुक्राणूंवर सरांचा स्वतःवर होता तितकाच विश्वास होता. शुक्रवारी प्रयोगशाळेची तपासणी करणारी समिती येणार होती. तिच्यापुढे ठेवायचं पत्र टाइप होऊन तयार होतं: निष्काळजीपणामुळे मावशींची सेवा समाप्त.

घरी वहिनीने भाजी चिरता चिरता विचारलं, "काय हो वन्सं, तिथेही पाळणा हलेना म्हणून तुम्हीच का?"

तीस वर्षांपूर्वी नवऱ्याने मावशींना याच आरोपाखाली माहेरी आणून सोडलं होतं. तपासणी फक्त त्यांचीच झाली होती. त्याने लगेच दुसरी बायको केली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी चष्मेवालीला गाठलं. ही सरांची विद्यार्थिनी. सरांचं कपाट भरलं म्हणून तिने चार बशा मावशी जेली शिजवत त्या खोलीतल्या जुन्या थंड कपाटात ठेवल्या होत्या.

"बघ गं जरा, माझ्याकडच्या कशा आहेत."

चष्मेवाली भिंगातून बघतच राहिली. "मावशी, इथे तर पोरांना पाय ठेवायला जागा नाही!"

"जेली त्याच भांड्यातली. हात हेच."

दुपारी दोन वाजता मावशी बशा घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. अळ्यांचं मोठं कपाट मानाने तिथेच ठेवलेलं. सर खुर्चीत पाय लांब करून गाढ झोपले होते. एरवी घरघरणारं कपाट अगदी शहाण्या बाळासारखं गप्प होतं. मावशींनी आकडा वाचला. वीस हवा तिथे सत्तावीस.

"घरघरीने झोप मोडते गं त्यांची," त्या बाहेर येऊन चष्मेवालीला म्हणाल्या. "म्हणून बटण फिरवून ठेवलंय. तेवढं तापेपर्यंत गार करायचं मशीन चालूच होत नाही."

चष्मेवालीने डोक्याला हात लावला आणि लगेच कामाला लागली. सरांच्या कपाटातल्या आया घेतल्या, मावशींच्या कपाटातले निवडक नर घेतले आणि दोघांना एका बशीत सोडलं.

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षीणबाई भिंगावर वाकल्या. "अहो, ही वांझ बशी ना? इथे तर शाळा सुटलीय!"

"आया त्याच आहेत, बाई," चष्मेवाली म्हणाली. "फक्त नर गार जागेतला दिला. अंडी चांगली होती. उकाड्यात आधी शुक्राणू मान टाकतात."

समितीतल्या तिन्ही पुरुषांनी एकदम खुर्च्या सावरल्या.

"आणि उकाडा आला कुठून?" बाईंनी विचारलं.

मावशी नम्रपणे म्हणाल्या, "सरांना दुपारचा जरा डोळा लागतो."

पत्र फाडलं गेलं. संध्याकाळी सरांनी नवं दिलं: 'सदर बाब निकालात काढण्यात आली आहे.'

"आणि दोष कोणाचा ते?" मावशींनी कागद परत सरकवला.

सरांनी खाली लिहिलं: 'दोष कपाटाचा.'

"सर, बटण कपाटाने स्वतःच फिरवलं का?"

सरांचे कान लाल झाले. पेन तीनदा उचललं, तीनदा ठेवलं. शेवटी 'कपाटाचा' खोडून इतक्या बारीक अक्षरात 'माझा' लिहिलं की ते वाचायलाही भिंग लागावं. मावशींनी चष्मेवालीकडून भिंग आणवून खात्री केली, आणि मगच पोच म्हणून सही केली.

घरी वहिनीने कागद उलटसुलट करून पाहिला. "नोकरी राहिली ना? मग या चिटोऱ्यासाठी एवढा हट्ट कशाला?"

"मागच्या वेळी मागायचं सुचलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. कागद त्यांनी देवाच्या फोटोमागे सरकवला. "त्या घरातल्या दुसरीलाही मूल झालं नाही म्हणे. देव तिला सुखी ठेवो. आण ती भाजी, मी चिरते."