पेटीतले एकेचाळीस हजर

निखत बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला बसू शकली नाही. हे झालंच नाही असं समजा. विद्यापीठानंही तसंच समजलं आहे.

तर त्या वर्षी वऱ्हाडात कापसाला भाव नव्हता आणि सोयाबीनच्या शेंगांत दाणा नव्हता, म्हणून वरच्या लोकांनी कॉलेजातल्या पोरांना ॲप दिलं. मोबाइलद्वारे अध्ययन. फोन वर्गात असला की हजेरी आपोआप लागणार. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षा नाही. फोनसोबत माणूसही असावा, असं परिपत्रकात कुठंच नव्हतं.

महिन्याभरात अख्खा वर्ग मजुरीनं वरूडला संत्री भरायला गेला. फोन मात्र नियमित येऊ लागले. कॉलेजचा शिपाई इमाद रोज एकेचाळीस फोन संत्र्याच्या पेटीत, वाळल्या गवतात रचून आणी, पहिल्या बाकावर ठेवी आणि मागं जाऊन झोपे.

निखत स्वतः यायची. घरात फोन एकच. प्रवेशअर्जावर नंबर त्याचाच, आणि तो अब्बांच्या, म्हणजे वरूडच्या बाजारात संत्र्याची दलाली करणाऱ्या वलीभाईंच्या खिशात.

"अब्बा, फोन द्या ना मले."

"तुले देतो. मंग भाव काय तुह्या वहीतून इचारू?"

म्हणजे वर्ग वरूडला, तिचा फोन वरूडला. कॉलेजात तेवढी ती.

"सर, मी समोर बसून राहिली ना!" ती खुशालराव सरांना म्हणाली.

"मले दिसून राहिली बाप्पा. ॲपले दिसत नाही, त्याले मी काय करू?"

सर पेटीकडं तोंड करून शिकवत. एकदा त्यांनी प्रश्न विचारला. पेटी गप्प. निखतनं उत्तर दिलं.

"गैरहजरांनी मधात बोलू नये," सर म्हणाले.

फेब्रुवारीत अमरावतीहून तपासणी समिती आली. पेटीत डोकावून अध्यक्ष गहिवरले. "काय शिस्त आहे! अन् ही पोरगी कोण?"

"पाहुणी," सर म्हणाले.

परीक्षेची प्रवेशपत्रं एकेचाळीस आली. निखतच्या नावापुढं उपस्थिती शून्य. तक्रार ॲपवरच करायची होती, तरी तिनं कागद घेतला आणि लिहिलं:

"सबब, अर्जदार तीन वर्षं स्वतः हजर राहिली, ही तिची चूक माफ करून, अर्जदारास तिचाच मोबाइल समजण्यात यावे व परीक्षेस बसू द्यावे, ही नम्र विनंती."